लोएब क्रमांक २७१: व्याख्येत द्रव्य धरायचं की नाही, हा प्रश्न छळणाऱ्यांसाठी

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईतल्या लोकांना पुढचं वाचायला नको. ॲरिस्टॉटलचं ‘मेटाफिजिक्स’ पहिल्यांदाच वाचणार असाल तर हे पुस्तक घेऊ नका. पण ‘व्याख्येत वस्तूचं द्रव्य (ती ज्याची बनते ते) धरायचं की फक्त आकार (तिची घडण)’ हा त्यातला एकच प्रश्न तुमच्या डोक्यात घर करून बसला असेल, आणि एकेक वाक्य उलटसुलट करून बघायची खोड असेल, तर लोएब क्लासिकल लायब्ररीचा २७१ क्रमांकाचा हिरवा खंड घ्याच. पाचपैकी चार तारे. एक का कापला, ते पुढे येईल.

माझा कल कुठून येतो तेही सांगून टाकते. मी आयुष्यभर कायद्यांचे मसुदे लिहिले. कलम २ म्हणजे आमचं खरं काम, कारण व्याख्या तिथे असतात. बाकीची कलमं चर्चेत बदलतात, घासून गुळगुळीत होतात. व्याख्या मात्र मसुदा लिहिणाऱ्याच्या मानगुटीवर बसते, कारण उद्या न्यायालयात वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार. त्यामुळे व्याख्येत काय घ्यायचं आणि काय सोडायचं हा प्रश्न मला तत्त्वज्ञानाच्या वर्गात नाही, फायलीत भेटला. अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लोक ह्याच प्रश्नावरून एकमेकांच्या उरावर बसत होते हे निवृत्तीनंतर कळलं, आणि बरं वाटलं.

आता वस्तूबद्दल. खंड छोटा, एका हातात धरून लोकलमध्ये वाचता येईल असा. डाव्या पानावर ग्रीक, उजव्या पानावर इंग्रजी. या मालेत ग्रीक लेखकांना हिरवं वेष्टन, लॅटिनवाल्यांना लाल. जेम्स लोएब या बँकर घराण्यातल्या माणसानं १९११ साली माला उभी केली. ह्यू ट्रेडेनिकनं भाषांतर केलेला हा खंड १९३३ साली आला आणि त्याच वर्षी लोएब वारले. ‘मेटाफिजिक्स’ची एकूण चौदा पुस्तकं, म्हणजे भाग. पहिली नऊ इथे, उरलेली १९३५च्या २८७ क्रमांकात. व्याख्येसाठी लागतात ती सातवं आणि आठवं, म्हणजे झीटा आणि ईटा. दोन्ही यातच आहेत, तेव्हा दुसऱ्या खंडाचे पैसे वाचले. (झीटा हे वर्णमालेतलं सहावं अक्षर, पण पुस्तक सातवं, कारण सुरुवातीला अल्फा दोन आहेत, मोठा आणि धाकटा. हे आधी कुणी सांगत नाही आणि संदर्भ शोधताना माणूस भलत्याच पुस्तकात शिरतो.)

मला अडीच हजारांच्या आसपास पडलं. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, पण पाठ्यपुस्तकं पाठवावीत तसं पातळ पाकिटात पाठवलं आणि एक कोपरा चेपून आला. बांधणीला काही झालं नाही, शिवण घट्ट आहे, टेबलावर उघडं ठेवलं तर पान थोडं दाबून धरावं लागतं. खूणफीत नाही. मी बसची तिकिटं घालते.

भाच्यानं चाळून बघितलं आणि विचारलं, “मावशी, अर्धी पानं तुला वाचताच येत नाहीत, मग पैसे पूर्ण पुस्तकाचे का मोजलेस?” प्रश्न रास्त आहे. मला ग्रीक येत नाही. लिपी लावता येते आणि मोजके शब्द ओळखता येतात: हूले म्हणजे द्रव्य, एइदोस म्हणजे आकार, लोगोस म्हणजे व्याख्या किंवा तिचं विधान. तेवढ्यावर काम भागतं. उजवीकडे वाचताना शंका आली की डावीकडे बघायचं, इथे खरंच हूले आहे की भाषांतरकारानं वाक्य सुटसुटीत करायला शब्द घातलाय. मूळ ग्रीक इतकं तुटक आहे की कुणालाही भर घालावीच लागते. कुठे घातली ते दिसलं पाहिजे, आणि समोरासमोरच्या पानांत ते दिसतं.

समासातले आकडेही कामाचे आहेत. इमान्युएल बेकरनं १८३१ साली बर्लिनहून काढलेल्या आवृत्तीचे ते पृष्ठांक, स्तंभ ‘अ’ आणि ‘ब’सह. जगात कुठल्याही भाषेतलं ॲरिस्टॉटलचं पुस्तक उघडा, १०३६ब म्हटलं की तीच जागा सापडते. कलम-पोटकलमांवर वाढलेल्या माझ्यासारखीला याहून मोठं सुख नाही.

एक खुलासा, नाहीतर पुढचं सगळं चुकीचं वाचलं जाईल. आकार म्हणजे नुसती बाह्यरेषा नव्हे. ॲरिस्टॉटलच्या लेखी माणसाचा आकार म्हणजे त्याचा आत्मा, जिवंत शरीराची काम करण्याची घडण. पुतळ्याला नाक-डोळे असले तरी तो आकार त्याच्यात नाही.

वाचायला सुरुवात झीटापासून करू नका. ईटाचं दुसरं प्रकरण उघडा, १०४२बच्या सुमारास. वस्तू एकमेकींपासून वेगळ्या कशानं होतात, याची तिथे यादी आहे आणि ती इतकी घरगुती आहे की मेटाफिजिक्स वाचतोय याचा विसर पडतो. काही वस्तू मिसळल्यानं होतात, जसं मधाचं पाणी. काही बांधल्यानं, जशी मोळी. काही चिकटवल्यानं, जसं पुस्तक. काही खिळ्यांनी, जशी पेटी. न्याहारी आणि रात्रीचं जेवण वेळेनं वेगळं होतं, वारे दिशेनं. आणि उंबरठा व दाराच्या डोक्यावरची तुळई निव्वळ जागेनं: एक पायाखाली, एक डोक्यावर. मग तो म्हणतो, उंबरठ्याची व्याख्या करायची झाली तर ‘अमुक तऱ्हेनं ठेवलेलं लाकूड किंवा दगड’ अशी करावी लागेल.

त्या ‘किंवा’वर मी बराच वेळ थांबले. मसुद्यात ‘किंवा’ घालणं म्हणजे कबूल करणं, की या वस्तूला द्रव्य लागतं पण अमुकच लागतं असं नाही. लगेच पुढे बर्फ येतो: अमुक तऱ्हेनं गोठलेलं पाणी. तिथे ‘किंवा’ नाही. बर्फाला पाणीच लागतं. ॲरिस्टॉटल हा फरक बोट ठेवून सांगत नाही, उदाहरणं शेजारी ठेवतो आणि पुढे सरकतो.

त्यानंतर घर. दगड, विटा, लाकूड असं उत्तर देणारा माणूस जे घर होऊ शकतं ते सांगतो. माणसं आणि सामान सांभाळणारा आसरा, असं म्हणणारा प्रत्यक्षात जे घर आहे ते सांगतो. तिसरा दोन्ही एकत्र सांगतो. ॲरिस्टॉटल म्हणतो, अर्कायटस ज्या व्याख्या मान्य करायचा त्या या तिसऱ्या जातीच्या. वारा पडणं म्हणजे काय? हवेच्या मोठ्या पसाऱ्यातली स्तब्धता. समुद्र शांत असणं म्हणजे? समुद्राची सपाटी. हवा आणि समुद्र हे द्रव्य, स्तब्धता आणि सपाटी हा आकार. प्लेटोचा समकालीन असलेला हा गणिती तारेंटमचा सेनापतीही होता. व्याख्या आटोपशीर ठेवायची सवय त्याला गणितानं लावली की लष्करानं, देव जाणे.

आता थोडं मागे, प्लेटोकडे, कारण त्याच्याशिवाय झीटा कळत नाही. ‘थिएटिटस’ या त्याच्या संवादात (हिरव्या मालेतच, क्रमांक १२३) सॉक्रेटिस विचारतो, ज्ञान म्हणजे काय? तरुण थिएटिटस भूमिती, चांभारकी वगैरे प्रकार मोजून दाखवतो. सॉक्रेटिस म्हणतो, कुणी विचारलं माती म्हणजे काय, आणि आपण सांगितलं कुंभाराची माती, भट्टीवाल्याची माती, वीटवाल्याची माती, तर हसंच होईल. सरळ सांगावं: ओलाव्यानं मिसळलेली भूमी, मग ती वापरो कुणीही. ग्रीक तत्त्वज्ञानातल्या नमुनेदार व्याख्यांपैकी ही एक, आणि ती जवळपास पूर्ण द्रव्याची आहे! आकार म्हणून काय उरतं? ‘मिसळलेली’ एवढाच शब्द. वापर तर मुद्दाम बाहेर ठेवलाय. ईटामधलं मधाचं पाणी वाचलं की ही माती आठवते. ॲरिस्टॉटलच्या यादीत पहिला मान मिसळण्यालाच आहे.

आणि त्याच जागी, पुढच्याच ओळींत, थिएटिटस म्हणतो की असाच एक प्रश्न मला आणि तुमच्या या नामेसाला, सॉक्रेटिसला, नुकताच पडला होता. हा नामेस म्हणजे धाकटा सॉक्रेटिस, तिथे बसलेला एक मुलगा, त्या संवादात अवाक्षर न बोलणारा. त्याचं नाव लक्षात ठेवा. झीटामध्ये त्याच्यावरच सगळं येऊन अडतं.

प्लेटोच्या शाळेत पुढे व्याख्या करायची पद्धत रुळली ती विभागणीची: मोठी जाती, म्हणजे वर्ग, घ्या, दोन भाग करा, एक सोडा, दुसऱ्याचे पुन्हा दोन. तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजिनीस लेअर्शियसनं सांगितलेली गोष्ट बहुतेकांना माहीत असते. प्लेटोची व्याख्या अशी की माणूस म्हणजे दोन पायांचा, पिसं नसलेला प्राणी. त्यावर तो दुसरा डायोजिनीस, पिंपात राहणारा, पिसं उपटलेला कोंबडा घेऊन आला आणि म्हणाला, हा घ्या प्लेटोचा माणूस. मग व्याख्येत ‘रुंद नखांचा’ असं जोडण्यात आलं. लोक इथे हसतात. मला घाम फुटतो. घाईघाईनं आणलेली दुरुस्ती विधेयकं हुबेहूब अशीच असतात: जिथे भोक पडलं तिथे ठिगळ, मूळ व्याख्या तशीच.

ॲरिस्टॉटल झीटाच्या बाराव्या प्रकरणात कोंबड्याचं नाव न घेता नेमकी हीच चूक पकडतो. ‘पाय असलेला’ असा एक भाग केला असेल, तर पुढची फोड पायांचीच झाली पाहिजे: खूर दुभंगलेला की नाही. पाय असलेल्यांत पिसं असलेले आणि नसलेले, अशी फोड करणारा माणूस, तो म्हणतो, जमत नाही म्हणून तसं करतो. सवाल नीटनेटकेपणाचा नाही. एकातून एक निघत गेलं तरच शेवटचं भेदक लक्षण आधीची सगळी पोटात घेतं आणि व्याख्या एक राहते. नाहीतर ती खुणांची यादी होते.

आता झीटा दहा आणि अकरा. या पुस्तकाचे पैसे मी या दोन प्रकरणांसाठी मोजले असं समजा.

दहाव्याचा प्रश्न साधा वाटतो. व्याख्येला भाग असतात, वस्तूलाही भाग असतात. मग वस्तूच्या प्रत्येक भागाची व्याख्या वस्तूच्या व्याख्येत यायला हवी का? उत्तर: कधी हो, कधी नाही. अक्षरसमूहाच्या व्याख्येत अक्षरं येतात, पण मेणावर कोरलेली अमुक अक्षरं येत नाहीत, ती द्रव्य झाली. वर्तुळाच्या व्याख्येत त्याचे तुकडे येत नाहीत. उलट लघुकोन काटकोनावरून सांगावा लागतो, अर्धवर्तुळ वर्तुळावरून, आणि बोट माणसावरून. बोट आधी आणि माणूस नंतर अशी व्याख्या होत नाही, कारण मेलेल्या माणसाचं बोट नावालाच बोट. मसुद्यातही हेच सांभाळावं लागतं. ‘सदस्य’ समितीवरून सांगायचा आणि ‘समिती’ सदस्यांवरून, असं झालं की दोन्ही व्याख्या हवेत लटकतात.

अकराव्यात तो स्वतःच्याच उत्तराला धार लावतो. वर्तुळ कांस्याचं असतं, दगडाचं असतं, लाकडाचं असतं. म्हणून कांस्य वर्तुळाच्या व्याख्येत नाही, हे उघड दिसतं. पण समजा, आपण पाहिलेलं प्रत्येक वर्तुळ कांस्याचंच असतं तर? तरीही कांस्य व्याख्येचा भाग नसतंच, फक्त मनानं वेगळं काढणं अवघड गेलं असतं. आता माणूस घ्या. तो नेहमी मांस आणि हाडं यांतच दिसतो. मग ही वर्तुळासारखीच गोष्ट आहे का, म्हणजे फक्त सवयीमुळे आपल्याला वेगळं काढता येत नाही? की मांस-हाडं खरोखर व्याख्येत आहेत?

धाकटा सॉक्रेटिस म्हणायचा, वर्तुळासारखंच. कांस्याविना वर्तुळ, तसा अवयवांविना माणूस. ॲरिस्टॉटल म्हणतो, नाही, ही तुलना सत्यापासून दूर नेते. सगळ्याच गोष्टींतून द्रव्य काढून टाकायचा अट्टहास हा फुकाचा खटाटोप आहे. काही गोष्टी म्हणजे ‘ह्यात हे’ असतं, किंवा ‘ह्या स्थितीतली ही’. प्राणी हालचालीशिवाय सांगता येत नाही आणि हालचाल अवयवांशिवाय होत नाही. हातसुद्धा काम करू शकणारा असेल तरच माणसाचा भाग, निर्जीव झाला की नाही.

इथे माझी फाईल उघडली. १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम २३० होतं, नाण्याची व्याख्या. नाणं म्हणजे सध्या पैसा म्हणून वापरात असलेला धातू, जो राज्याच्या किंवा सार्वभौम सत्तेच्या अधिकारानं, पैसा म्हणून वापरला जावा यासाठी, छाप मारून काढला आहे. खाली उदाहरणं. कवड्या नाणं नव्हेत. छाप नसलेले तांब्याचे गोळे, पैसा म्हणून वापरले जात असले तरी, नाणं नव्हेत. पदकं नाणं नव्हेत, कारण ती पैसा म्हणून वापरण्यासाठी नसतात. नोकरीत हे कलम मी असंख्य वेळा नजरेखालून घातलं असेल, पण झीटा वाचल्यावर ते नव्यानं दिसलं. कवडीत द्रव्य चुकतं. तांब्याच्या गोळ्यात आकार चुकतो. पदकात धातूही आहे, छापही आहे, चुकतो तो हेतू. तीन ओळींत तीन नकार, आणि प्रत्येक वेगळ्या कारणानं.

मग २०११चा नाणे अधिनियम आला. त्यात नाणं कुठल्याही धातूचं ‘किंवा इतर कुठल्याही पदार्थाचं’ झालं, शासनानं छापलेलं आणि विधिग्राह्य असलं म्हणजे झालं. आणि शेवटी, भारत सरकारची एक रुपयाची नोटसुद्धा त्यात धरली गेली. कागदाची नोट कायद्यानं नाणं! उंबरठ्याचा तो ‘किंवा’ इथे आला. क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड, पोस्टल ऑर्डर आणि ई-मनी नाणं नव्हेत, हे मात्र स्पष्टीकरण घालून वेगळं सांगावं लागलं. द्रव्याची अट सैल केली की कुणाकुणाला दारातून परत पाठवायचं याची यादी लांबते. धाकट्या सॉक्रेटिसला मी हे दाखवलं असतं.

पण ॲरिस्टॉटलची बाजू घेऊन मोकळं होता येत नाही, आणि पुस्तकाची खरी मजा इथेच आहे. धाकट्या सॉक्रेटिसला झाडल्यावर लगेच, १०३७अ मध्ये, तो म्हणतो की द्रव्यासकट असलेल्या गोष्टीची एका अर्थी व्याख्या होतच नाही, कारण द्रव्य अनिश्चित असतं. व्याख्या होते ती आकाराची, माणसाच्या बाबतीत आत्म्याची. म्हणजे मागच्या पानावर अवयवांविना माणूस सांगता येत नाही, आणि या पानावर व्याख्या फक्त आत्म्याची. दोन्ही वाक्यं एकाच्याच हातची, दोन्ही एकाच प्रकरणात.

हे कसं जुळवायचं यावर विद्वानांची कपाळं आजही घासली जातात. लंडनमध्ये १९७५ ते १९७९ मायल्स बर्नियट आणि मंडळींनी एकट्या झीटावर चर्चासत्र चालवलं आणि त्याच्या नोंदी छापल्या. जर्मनीत मिखाएल फ्रेडे आणि ग्युंटर पाट्झिग यांनी १९८८ साली झीटाची आवृत्ती काढली आणि धाकट्या सॉक्रेटिसला उत्तर देणाऱ्या १०३६बमधल्या वाक्यात दोन अक्षरं घालायचं सुचवलं. हस्तलिखितात आहे ‘आइस्थेतोन’: प्राणी हा इंद्रियांना जाणवणारा आहे. त्यांचं म्हणणं, ते ‘आइस्थेतिकोन’ हवं: प्राणी हा संवेदना असलेला आहे. पहिलं घेतलं तर द्रव्य व्याख्येत शिरतं. दुसरं घेतलं तर संवेदना ही आत्म्याचीच ताकद, तेव्हा व्याख्या आकाराची राहू शकते, अवयव मागून येतात. स्वल्पविरामावरून खटले बघितलेल्या बाईला हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही, पण मजा वाटली खरी. मी डाव्या पानावर ती ओळ शोधली, ‘आइस्थेतोन’ सापडलं, पेन्सिलीनं खूण केली. यासाठी ग्रीक पान लागतं, हे भाच्याला सांगायचंय.

माझं मत विचाराल तर हस्तलिखित आहे तसं ठेवावं. मजकूर अडचणीचा आहे म्हणून बदलायचा, ही सवय न्यायालयात चालत नाही. इथेही चालू नये.

आता कापलेला तारा. १९३३च्या पुस्तकात १९८८चा वाद असणार नाही, हे मान्य. पण तळटिपा फार थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्या बहुतेक संदर्भ दाखवून थांबतात. झीटा अकरामध्ये वाचक गटांगळ्या खातो तिथे हात देणारं कुणी नाही. दुसरी अडचण पुस्तकाची नाही, विषयाची, पण पैसे आपलेच जातात: हा प्रश्न एका खंडात मावत नाही. आत्म्यावरच्या ग्रंथात (लोएब २८८) रागाची ती प्रसिद्ध जागा आहे. वादपटू म्हणतो, राग म्हणजे अपमानाची परतफेड करायची इच्छा. निसर्गाचा अभ्यासक म्हणतो, राग म्हणजे हृदयाभोवतीचं रक्त उसळणं. एक आकार सांगतो, एक द्रव्य. ‘फिजिक्स’च्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी (लोएब २२८) करवत आहे: कापणं म्हणजे अमुक प्रकारची विभागणी असं म्हटलं, की ती दातांशिवाय होणार नाही, आणि दात लोखंडाशिवाय तसे होणार नाहीत, म्हणून व्याख्येतसुद्धा काही भाग व्याख्येचं द्रव्य असल्यासारखे असतात, असं तो म्हणतो. माझ्या मते सगळ्या गुंत्यातलं सर्वात उपयोगी वाक्य हेच, आणि ते २७१मध्ये नाही. तिथे ईटाच्या चौथ्या प्रकरणात त्याचा धाकटा भाऊ आहे: लोकरीची किंवा लाकडाची करवत होत नाही, करणारा कितीही कुशल असो. सगळे हिरवे खंड घ्यायचे म्हटलं तर दिवाळीचा फराळ बंद करावा लागेल. मी २७१ घेतलं, बाकीचे ग्रंथ इंटरनेटवर मोफत बघते.

दुसरं कुठलं घ्यावं? फक्त झीटा-ईटा हवं आणि टीका भरपूर हवी, तर ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन मालेतलं डेव्हिड बॉस्टॉकचं १९९४चं पुस्तक बघा. भाषांतर थोडं, भाष्य त्याच्या कितीतरी पट, आणि बॉस्टॉक ॲरिस्टॉटलशी भांडायला कचरत नाही. ग्रीक मजकूर मात्र त्यात नाही. सलग इंग्रजी वाचायचं असेल तर डब्ल्यू. डी. रॉसचं भाषांतर इंटरनेटवर फुकट आहे. आधी ते वाचून मग पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवा. स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफीतल्या ॲरिस्टॉटलवरच्या नोंदीही मोफत आणि नीट लिहिलेल्या आहेत. लोएबच्या तळटिपांची उणीव मी तिथे भरून काढते.

ट्रेडेनिकच्या इंग्रजीबद्दल तक्रार नाही. शब्द जड नाहीत, वाक्यं लांब पण सुटी होणारी. ईटाच्या तिसऱ्या प्रकरणातला, सॉक्रेटिसचा शिष्य अँटिस्थिनीस याच्या अनुयायांचा उतारा तर चक्क खुसखुशीत झालाय. त्यांचं म्हणणं असं, की वस्तू काय आहे हे सांगताच येत नाही, व्याख्या म्हणजे नुसती लांबण. चांदी काय आहे ते सांगता येणार नाही, फार तर कथिलासारखी आहे एवढं म्हणता येईल. ॲरिस्टॉटल त्यांना अडाणी म्हणतो, आणि मग शांतपणे म्हणतो, त्यांच्या म्हणण्यात काहीतरी आहे. आमच्या खात्यात असा एक तरी ज्येष्ठ हवा होता.

वाचायचा क्रम म्हणून एवढंच: ईटा दोन, मग झीटा दहा-अकरा, मग झीटा बारा, मग झीटा सतरा. या विटा आणि हे दगड घर का आहेत, असा सतराव्यातला प्रश्न आहे आणि तो शेवटी वाचला तर जास्त चढतो. ईटा सहा त्याच्याही नंतर. तिथे द्रव्य आणि आकार एकच गोष्ट कशी, एक शक्यता म्हणून आणि एक प्रत्यक्ष म्हणून, हे तो सांगतो, आणि ते दोनच पानांत. झीटा तीनपासून सलग सुरू केलंत तर नवव्या प्रकरणाच्या आत पुस्तक कपाटात जाईल. जुनी प्रत चांगल्या स्थितीत मिळाली तर नवीसाठी अडून बसू नका, मजकुरात तुमचं काही नुकसान होणार नाही. फक्त मागवताना क्रमांक २७१ आहे ना, ते बघून घ्या, कारण २८७वरही ‘मेटाफिजिक्स’च लिहिलेलं असतं.